भुरी जेवली का?

आमच्या भुरीला चार-चार दिवस शी होत नाही. लेखाच्या सुरुवातीला हे वाक्य शोभत नाही हे मला कळतं. पण पुढं हा विषय इतक्यांदा येणार आहे, की ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. ज्यांच्या घरी असंच एखादं मांजर कोपऱ्यात फरशीला पोट टेकवून बसलं आहे, वाटीतलं खाणं तसंच पडून आहे आणि घरातली माणसं त्याच्याकडे बघून भलताच अर्थ काढताहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आम्ही दीड वर्ष भलता अर्थ काढला. त्यात भुरी जाता जाता राहिली.

आम्ही नांदेडला राहतो. आमचे हे विष्णुपुरीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहेत. मी शाळेत शिकवते, आठवीला विज्ञान. भूकंपाचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो आणि मी तो चांगला शिकवते, असं मुलं म्हणतात. मुलगी प्राची तेव्हा लातूरला होती, अकरावी-बारावी आणि डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास. घरात राहिलो आम्ही दोघं, भुरी आणि माझी आई.

आईबद्दल थोडं सांगायलाच हवं. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नव्हतं. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला मावशीकडे शिकायला होते, म्हणून वाचले. आई उकडतंय म्हणून अंगणात झोपली होती, म्हणून वाचली. बाबा आणि माझा धाकटा भाऊ बाळू आत होते.

तेव्हापासून आई स्लॅबखाली झोपत नाही. नांदेडला घर बांधलं तेव्हा अंगणात तिच्यासाठी पत्र्याची खोली आधी उभी राहिली, घर नंतर. त्या खोलीत फळीवर तिनं तीन पितळी ग्लास एकावर एक उपडे रचून ठेवले आहेत. जमीन हलली की ते पडतील, आवाज होईल, माणूस उठून बाहेर पळेल. भूकंपानंतर आमच्याकडे कितीतरी घरांत अशी भांडी रचलेली असायची. पुढे एकेकानं ती उचलली आणि वापरायला काढली. आईची तशीच राहिली. ती रोज सकाळी कपाळाला विभूती लावते आणि मग ग्लास नीट आहेत का ते बघते.

भुरी समोरच्या शकीलाआपांच्या गच्चीवर जन्मली आणि आईच्या खोलीत वाढली. ती त्या फळीवरून रोज चालायची, ग्लासांना वळसा घालून. शेपटीसुद्धा कधी लागली नाही. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

तो कोपरा

पहिल्यांदा झालं ते एका रविवारी. दोन दिवस भुरीनं वाटीला तोंड लावलं नव्हतं. दूध-पोळी दिली, मासळीचा तुकडा आणून दिला, नुसतं हुंगून निघून गेली. रविवारी सकाळपासून ती स्वयंपाकघरात मोरीच्या भिंतीलगत बसली होती. पुढचे पाय पोटाखाली, मान पुढं काढलेली, कान आडवे, डोळे अर्धे मिटलेले. पोट फरशीला पार चिकटलेलं. हाक मारली तर कानसुद्धा हलवायची नाही.

आई दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती.

"ऐकून राहिली ती," आई म्हणाली.

"काय ऐकतेय?"

"खालचं."

मी हसले. आई हसली नाही. ती अंगणात गेली, खुर्ची फाटकाशी ओढली आणि मांडीवर पिशवी घेऊन बसली. तिची ती पिशवी कायम भरलेली असते, त्यात एक लुगडं, विभूतीची डबी, बाबांचा फोटो. ऊन डोक्यावर आलं तरी ती उठली नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "तुमी बी भाईर या की."

चारच्या सुमाराला मी चहा टाकला आणि आवाज आला.

त्या वर्षांत नांदेडच्या आमच्या भागात असे आवाज यायचे. वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाट सरकवावं तसा आवाज, फक्त तो खालून यायचा. दोन-तीन सेकंदांत संपायचा. पण त्यानंतर सगळी गल्ली गप्प व्हायची, कुत्रीसुद्धा. त्या दिवशी भांडी थरथरली, आईच्या खोलीतले ग्लास किणकिणले पण पडले नाहीत. लोक बाहेर आले. आई सकाळपासून बाहेरच होती. शकीलाआपांनी तिला खुर्चीवर बसलेलं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अम्मांना कसं कळलं?"

आईनं घराच्या दाराकडे बोट केलं. दारात भुरी उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

गल्लीचं मांजर

दुसऱ्यांदा असंच झालं, तीनेक आठवड्यांनी. तीन दिवस जेवण नाही, तोच कोपरा, संध्याकाळी आवाज. त्यानंतर भुरी आमची राहिली नाही, गल्लीची झाली.

सकाळी दूध आणायला गेले की दुकानदार विचारायचा, "मॅडम, मांजर जेवली का?" शाळेत मधल्या सुट्टीत फोन यायचा, "भुरी जेवली का?" शकीलाआपा तर दुपारी स्वतः येऊन वाटी बघून जायच्या. वाटी रिकामी असली की "अल्ला का शुकर" म्हणायच्या आणि त्यांचा चेहरा सैल व्हायचा. भरलेली असली की गल्लीत कुणी काही बोलायचं नाही, पण थोड्या वेळानं फाटकांशी खुर्च्या दिसायला लागायच्या. बायका भाज्या बाहेर बसून निवडायच्या. तान्ही लेकरं बाहेर झोळीत निजायची. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, सगळी गल्ली घरांकडे पाठ करून बसलेली मी बघितली आहे, आणि आत माझ्या स्वयंपाकघरात एक मांजर फरशीला चिकटून बसलेलं.

मी विज्ञानाची बाई. मी काय केलं? मी वही केली. तारीख, जेवली नाही, आवाज आला किंवा नाही आला. मला वाटलं मी फार शास्त्रशुद्ध वागते आहे. ज्या दिवशी भुरी जेवायची त्या दिवशी मात्र मी वही उघडायचेच नाही. लिहायचं काय त्यात?

आणि मी प्राचीला फोन करायचे. तिचा क्लास, तिची खोली, सगळं लातूरला, तिसऱ्या मजल्यावर. त्या गल्लीत इमारती इतक्या खेटून आहेत की एका खिडकीतून हात घातला तर दुसऱ्या खिडकीतल्या पोरीचं पुस्तक घेता येईल. प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. मला त्या फोटोंच्या वरचा स्लॅब दिसायचा.

"प्राची, खाली जा. मैदानात जाऊन बस."

"आई, उद्या टेस्ट आहे."

"पुस्तक घेऊन जा."

"भुरी जेवली नाही का?"

"नाही."

पोरगी जायची. भांडायची नाही, हे मला तेव्हा बरं वाटायचं. एकदा ती टेस्ट सोडून मैदानात बसली, आणि लातूरला काहीच झालं नाही. नांदेडलाही काही झालं नाही. ते मी वहीत 'आवाज नाही' असं लिहिलं आणि विसरून गेले.

एक दुपार मात्र मी विसरणार नाही. आई झोपली होती, हे कामावर होते. भुरी त्या कोपऱ्यात. मी तिच्याशेजारी फरशीवर आडवी झाले आणि तिच्या पोटाला कान लावला. आत गुडगुड चालली होती, खोल, हळू, मध्येच थांबणारी. मग मी मान वळवून तोच कान फरशीला लावला. तिथंही गुडगुड होती. पुन्हा पोटाला, पुन्हा फरशीला. थोड्या वेळानं मला कुठलं पोट आणि कुठली फरशी हे कळेनासं झालं. भुरी डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. मी उठले, चपला घातल्या आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले, शेजाऱ्यांसारखीच.

निदान

भुरी वाळत चालली होती. पाठीचे मणके हाताला लागायचे. फेसाळ उलट्या व्हायच्या. मातीच्या टोपल्यात ती जाऊन बसायची, जोर करायची, रडल्यासारखी ओरडायची आणि तशीच बाहेर यायची. हे सगळं आम्ही बघत होतो. पण बघताना प्रत्येकजण मनात एवढंच विचारत होता, आज होणार का?

शेवटी हे चिडले. हे सहसा चिडत नाहीत. "तुमच्या मायलेकींच्या भूकंपात ते मांजर मरंल एक दिवस," म्हणाले आणि टोपली काढून तिला घेऊन गेले जनावरांच्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर म्हशी-बैलांचे. त्यांनी हात धुऊन भुरीचं पोट दोन बोटांनी चाचपलं. "आत दगडासारखं लागून राहिलंय. लातूरला न्या, तिथं एक मॅडम कुत्री-मांजरंच बघतात."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं निघाले, मांडीवर झाकणाची टोपली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं झाकणाच्या फटीतून आत बघितलं.

"काय झालं ओ हिला?"

"जेवत नाही."

बाई दचकून मागं सरकली आणि तिनं खिडकीबाहेर बघितलं, स्टँडच्या इमारतीकडे. ती लातूर जिल्ह्यातली होती. मला पुढं काही सांगावं लागलं नाही.

लातूरच्या डॉक्टरबाई तिशीच्या असतील. पोटाचा एक्स-रे फोटो काढला, मला दाखवला. मला वाचता येत नव्हता, पण पोटात एका ओळीत पांढरे गोळे दिसत होते, एवढं कळलं. त्या म्हणाल्या, हिचं मोठं आतडं सैल पडलंय, पुढं ढकलायची ताकद कमी झालीय, साठून राहतं, म्हणून भूक मरते, म्हणून उलटी. बरं होईल, पण जन्मभर सांभाळावं लागेल.

"काही नोंद ठेवलीत का?"

मी अभिमानानं वही काढून दिली. त्यांनी चार पानं चाळली, पुन्हा मागं गेल्या.

"शी कधी झाली, हे कुठंय?"

"ते... नाही लिहिलं."

"आवाज म्हणजे? पोटाचा?"

"नाही. जमिनीचा."

त्यांनी वही मिटून माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, यात मांजर कुठंय?"

मला लाज वाटली, तरी मी विचारलंच. ती पोट जमिनीला टेकवून, कान आडवे करून बसते, तासन्‌तास, एकाच जागी. ते का?

"दुखतं म्हणून," त्या म्हणाल्या. "दुखणारं मांजर असंच बसतं. फरशी गार लागते."

घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं, त्या कोपऱ्याखाली आपला पाण्याचा हौद आहे. म्हणून तिथली फरशी सगळ्यात गार, आणि म्हणूनच तिथं खालचा आवाज घुमतो. घर बांधताना मी समोर उभी होते. मला आठवायला हवं होतं.

मुंग्या

औषध सोपं होतं. उकडलेला लाल भोपळा जेवणात कालवायचा, पाणी भरपूर, आणि पाकासारखं गोड पातळ औषध सुईविना सिरिंजनं तोंडात, दिवसातून तीनदा. सकाळ-संध्याकाळ मी, दुपारी आई.

पंधरा दिवसांत भुरीचं रूप पालटलं. रोज शी. मी वहीत ते लाल पेनानं लिहायचे. वाटी चाटून पुसून साफ. भुरी त्या कोपऱ्यात जाईना, खिडकीत बसून चिमण्यांवर दात वाजवायला लागली.

गल्लीला ते मानवलं नाही. आधी लोक खूष झाले, मग अस्वस्थ. वाटी रोजच रिकामी असली तर त्यातून कळायचं काय? शकीलाआपा रिकाम्या वाटीकडे बघत उभ्या राहायच्या आणि 'शुकर' म्हणायचं विसरायच्या. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, दवा रोज द्यावाच लागतो का?"

 आईची झोप उडाली होती. सकाळी गेलं की ती खाटेवर बसलेली दिसायची, ग्लासांकडे तोंड करून.

मग मला मुंग्या दिसल्या. शाळेतून आले तर आईच्या खोलीच्या पायरीपासून तुळशीच्या कट्ट्यापर्यंत काळी रांग. कट्ट्याच्या बाजूला माती चिकट झालेली होती, तिथं मुंग्यांचा गोळा. मी बोट लावलं, वास घेतला. गोड. दुपारचं औषध.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मला त्याच क्षणी कळलं आणि मी काही बोलले नाही. हात धुतले आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी रांग होती, तिसऱ्या दिवशी होती. मी तिला ओलांडून जात होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातून सिरिंज अर्धीच भरली गेली, आणि मी ती पूर्ण केली नाही. प्राचीची परीक्षा जवळ आली होती. पोरगी तिसऱ्या मजल्यावर होती. जमीन हलणार असेल तर ते आधी सांगणारं मला कुणीतरी हवं होतं.

आठव्या दिवशी भुरी मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली, पोट फरशीला, कान आडवे. आईच्या आणि माझ्या चेहऱ्यावर एकदमच सुटका दिसली असावी, कारण हे आमच्याकडे बघत राहिले. त्या रात्री आई गाढ झोपली.

सकाळी भुरी आडवी पडली होती. डोळे उघडे, हाक मारली तरी बुबुळ हलेना. अंग गार.

लातूरचे तीन दिवस

ह्यांनी कॉलेजातल्या मित्राची गाडी आणली. डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, भूल देऊन पोट मोकळं करावं लागेल म्हणाल्या, दोन-तीन वेळा, आणि तेवढं हिला सोसेल की नाही सांगता येत नाही.

"औषध रोज तीनदा जात होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. दहा मिनिटांनी उठून आत गेले आणि म्हणाले, "नाही. जात नव्हतं. मला माहीत होतं." त्यांनी आधीचं खोडून नवीन लिहिलं. एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तीन दिवस मी प्राचीच्या खोलीत राहिले. सकाळी दवाखाना, दुपारी खोली, पुन्हा दवाखाना. पिंजऱ्यात भुरी टॉवेलवर पडलेली, पायाला पट्टी. शेजारच्या पिंजऱ्यात एक म्हातारा कुत्रा होता, तो मी आले की उगाच शेपूट हलवायचा. त्याचा मला फार आधार झाला. प्राची क्लासमधून पळत यायची, पिंजऱ्याशी मांडी घालून बसायची आणि भुरीला दबक्या आवाजात पचनसंस्था वाचून दाखवायची. "ऐक, हे तुझंच आहे," म्हणायची.

दुसऱ्या दुपारी खोलीत मी एकटी होते. तिसरा मजला, वर आणखी दोन मजले. खाली रस्त्यावर शेकडो पोरं सायकली घेऊन एका क्लासातून दुसऱ्या क्लासात चाललेली. आणि माझ्याजवळ बघायला मांजर नाही, ग्लास नाहीत. मी पलंगाच्या कडेला बसून भिंतीवरच्या एका चिरेकडे बघत होते. मग मेसचा डबा दिसला, सकाळी आलेला. मी झाकण उघडलं. वरण, भात, भाजी, पोळ्या, सगळं तसंच.

 आणि पहिला विचार काय आला असेल? आज काहीतरी होणार. मी उठून चपलासुद्धा घातल्या. दारापर्यंत गेल्यावर दुसरा विचार आला, की माझी पोरगी जेवलेली नाही.

प्राची आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "लई दिवस झाले आई. तुझा फोन आला की मग जातच नाही घास."

"सांगितलं का नाहीस?"

"तू भुरीचंच विचारायचीस."

मी तिला खाली घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या गाड्यावर आम्ही इडली खाल्ली, ती चार आणि मी दोन. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर डॉक्टरबाई दारातच म्हणाल्या, "झाली." आम्ही दोघी मायलेकी एका मांजराच्या शीसाठी रस्त्यावर उभ्या राहून रडलो.

वाटी

घरी आल्यावर मी आईसमोर बसले. ओरडायचं ठरवून आले होते, ते जमलं नाही.

"आई, तू औषध ओतून देत होतीस."

"हाव. देत होते."

"भुरी मेली असती."

आई लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. गावाकडे आमच्या घरी एक मांजर होती. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी ती जेवली नाही.

"वाटी भरलेली होती. म्या बघितली की गं सुमन. म्हनलं सकाळी खाईल, अन्‌ उचलून फडताळात ठिवली. तिनं सांगितलं होतं. मलाच कळलं न्हाई. बाळूला भाईर घेतलं असतं न्हाई का?"

 त्या दिवसापासून औषध तिन्ही वेळा मीच द्यायला लागले. दुपारच्या वेळेसाठी शाळेतून धावत घरी यायचे आणि धावत परत जायचे. शकीलाआपांना सांगून टाकलं, वाटी बघायला येऊ नका. त्या थोड्या दिवस रुसल्या.

प्राचीची परीक्षा झाली, ती घरी आली. त्यानंतर एका दुपारी आम्ही तिघी आईच्या खोलीत बसलो होतो. भुरी भोपळा-मासळी खाऊन आईच्या मांडीवर झोपली होती, चारही पाय सैल सोडून, पोट वर. आणि आवाज आला.

त्या वर्षांतला सगळ्यात मोठा होता तो. पत्रे थडथडले. पायाखालून काहीतरी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेल्यासारखं वाटलं. प्राचीनं माझा दंड धरला. मी आईकडे बघितलं, आई भुरीकडे बघत होती. भुरी झोपलेली. मिशीसुद्धा हलली नाही. फळीवर ग्लास किणकिणले, वरचा कलला आणि खाली पडला. तेव्हा कुठं भुरीनं दचकून डोळे उघडले, खणखणाट कुठून झाला ते बघितलं आणि पुन्हा मिटले.

बाहेर गल्ली गोळा झाली होती. शकीलाआपा फाटकातून हाका मारत होत्या. आई उठली नाही. पत्र्याचीच खोली ती, पण आजवर आवाज आला आणि आई बसून राहिली असं झालं नव्हतं. तिचा हात भुरीच्या पोटावर होता.

"ती आतच होती," आई म्हणाली.

"कोण?"

"आपली मांजर. गावाकडची. बाळूच्या अंथरुणात घावली. त्याच्या पायापाशी निजलेली. ठावं असतं तर ती आत कशाला निजली असती?"

इतक्या वर्षांत ती मांजर कुठं होती हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आईला ते रोज दिसत होतं. मी तिच्याजवळ सरकले. ती रडली नाही. हलक्या हातानं भुरीला प्राचीच्या मांडीवर ठेवलं, उठली, पडलेला ग्लास उचलला, फळीवरचे दोन्ही उतरवले. एकात एक घातले आणि माझ्या हातात दिले.

"चिंच लावून घास. पानी प्यायला होतील."

मग तिनं मी आणून ठेवलेली सिरिंज घेतली आणि औषधाची बाटली उजेडाला धरून बघितली.

"दुपारचं राह्यलंय न्हवं तिचं?" म्हणाली. "धर तिला. मी देते."